वाऱ्यावर धावणारी फळी आणि तिची परीक्षा

शिरूरला घोड नदीच्या काठी किंवा दौंडला भीमेच्या काठी उभे राहून चपटी खापरी पाण्यावर आडवी भिरकावण्याचा खेळ तुम्ही नक्कीच खेळला असाल. हात नीट बसला, तर खापरी चार-पाच टप्पे घेत दूर जाते. तीच खापरी हळूच पाण्यावर ठेवली, तर मात्र तत्काळ तळ गाठते. खापरी तीच, पाणीही तेच. मग फरक कशाचा? वेगाचा!

आज आपण याच तत्त्वावर धावणाऱ्या एका साधनाची ओळख करून घेणार आहोत. ते साधन म्हणजे शीड लावलेली फळी. हिच्यावर उभे राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून धावण्याच्या खेळाला ‘विंडसर्फिंग’ म्हणतात. त्यातही ‘स्लॅलम’ नावाच्या शर्यतीसाठी खास फळी बनवितात. पाण्यात तरंगते गोळे नांगरून ठेवलेले असतात. त्यांना वळसे घालीत, नागमोडी मार्गाने, सर्वांत आधी पोहोचेल तो जिंकला.

पण केवळ फळीची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू नाही. दुकानदार म्हणतो, ‘ही फळी उत्तम आहे.’ हे वाक्य खरे की खोटे, ते ठरवायचे कसे? हा प्रश्न फळीपुरता नाही. नवे बियाणे, नवे औषध, नवी सायकल, सर्वांनाच तो लागू आहे. म्हणून तो नीट समजून घेऊ.

फळीची रचना

१९६५ साली न्यूमन डार्बी या अमेरिकन गृहस्थांनी शिडाच्या फळीची रचना ‘पॉप्युलर सायन्स’ या विज्ञान मासिकात प्रसिद्ध केली. पुढे १९६८ मध्ये हॉयल श्वाइत्झर आणि जिम ड्रेक यांनी सुधारलेल्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. या रचनेतील खुबी डोलकाठीच्या बुडाशी आहे. होडीची डोलकाठी घट्ट रोवलेली असते. येथे मात्र ती अशा सांध्यावर बसविलेली असते, की कोणत्याही दिशेला झुकावी. फळीला सुकाणू नसतेच! शीड पुढे झुकविले की फळीचे तोंड वाऱ्यापासून दूर वळते. मागे झुकविले की वाऱ्याकडे वळते. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये या खेळाचा प्रथम समावेश झाला.

त्या सुरुवातीच्या फळ्या सुमारे ३.६५ मीटर लांब असत. आजची स्लॅलम फळी जेमतेम २.२ ते २.४ मीटर लांब असते. रुंदी मात्र ६० ते ८५ सेंटिमीटरपर्यंत भरते. आत थर्मोकोलसारखा हलका गाभा आणि वरून कार्बन तंतूंचे कवच असते. त्यामुळे एवढ्या मोठ्या फळीचे वजन सहा-आठ किलोग्रॅमच भरते. तळाशी, मागच्या टोकाजवळ, माशाच्या परासारखे एक उभे पाते असते. त्याला ‘फिन’ म्हणतात. हे पाते काय काम करते, ते आपण पुढे पाहणारच आहोत.

फळी तरंगते कशी?

आर्किमिडीजचे तत्त्व तुम्ही शाळेत शिकला आहात. समजा, फळीचे आकारमान ११० लिटर आहे. ती पूर्ण बुडविली, तर ११० लिटर पाणी बाजूला सारील. गोड्या पाण्याच्या एका लिटरचे वस्तुमान एक किलोग्रॅम. म्हणजे नदीत ही फळी स्वतःसकट ११० किलोग्रॅम भार पेलू शकेल.

आता बेरीज करू. खेळाडू ७० किलोग्रॅम, फळी ७, शीड आणि डोलकाठी ११, ओले कपडे व जीवरक्षक जाकीट ४, एकूण ९२. म्हणजे १८ किलोग्रॅम क्षमता शिल्लक राहिली.

हीच फळी गोव्याच्या समुद्रात नेली तर? समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्याच्या सुमारे १.०२५ पट असते. तेथे फळी ११२.७५ किलोग्रॅम पेलील. शिल्लक पावणेतीन किलोग्रॅमने वाढली. म्हणजे समुद्रात ‘छान तरंगते’ असा शेरा मिळालेली फळी भीमेत किंचित अधिक बुडेल. परंतु ७० किलोग्रॅमच्या खेळाडूऐवजी ५५ किलोग्रॅमचा खेळाडू चढविला, तर शिल्लक एकदम १५ किलोग्रॅमने वाढते! पाण्याच्या फरकापेक्षा माणसाचा फरक कितीतरी मोठा. परीक्षेचा पहिला धडा येथेच मिळतो: कोणती गोष्ट बदलली असता किती फरक पडतो, याचा हिशेब आधी कागदावर करून पाहावा.

स्वतःच्याच लाटेचा घाट

आता फळी चालू लागली असे समजा. पाण्यात चालणारी कोणतीही होडी पुढे एक लाट उठविते आणि मागे एक. वेग वाढला, की या लाटेची लांबी वाढते. वाढता वाढता ती होडीच्या लांबीइतकी होते, तेव्हा होडीचे नाक पुढच्या लाटेवर आणि शेपूट मागच्या लाटेवर असते. वेग आणखी वाढला, तर शेपूट दोन लाटांमधील खोलगटात जाऊ लागते. म्हणजे होडी स्वतःच केलेला घाट चढू लागते! भरलेली बैलगाडी घाटात जशी रडतखडत चढते, तशी तिची गत होते.

हा वेग काढण्याचे सूत्र सोपे आहे. होडीच्या लांबीचे (मीटरमध्ये) वर्गमूळ काढा आणि त्याला १.२५ ने गुणा. उत्तर दर सेकंदाला किती मीटर ते मिळते. १०० मीटर लांबीच्या जहाजासाठी हा वेग १२.५, म्हणजे ताशी ४५ कि.मी. आपल्या २.३ मीटरच्या फळीसाठी तो केवळ १.९, म्हणजे ताशी सुमारे ७ कि.मी. सायकलस्वारही याच्या दुप्पट वेगाने जातो!

मग ही आखूड फळी शर्यत जिंकते कशी? येथे आपली खापरी आठवा. पुरेसा जोर मिळाला, तर फळी तो घाट ओलांडते आणि लाटेच्या माथ्यावर चढून बसते. तिचा सपाट तळ थोडा तिरपा असतो. समोरून येणारे पाणी या तळावर आदळून खाली ढकलले जाते आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे फळी वर उचलली जाते. आता तिचा भार मुख्यतः पाण्याच्या या आघातावर पेलला जातो. बुडालेला भाग अगदी थोडा उरतो, रोध कमी होतो आणि फळी पाण्यावरून घसरत सुटते. या अवस्थेला ‘प्लेनिंग’ म्हणतात. तळ जितका रुंद आणि सपाट, तितकी ही अवस्था लवकर येते. आजच्या फळ्या आखूड पण रुंद का, याचे उत्तर तुम्हाला मिळाले ना?

वाऱ्यापेक्षा वेगवान!

वाऱ्याने ढकललेली वस्तू वाऱ्यापेक्षा वेगाने कशी जाईल? प्रश्न रास्त आहे. वारा अगदी पाठीमागून येत असेल, तर खरोखरच जाणार नाही. फळीचा वेग वाऱ्याइतका झाला, की शिडाला वारा लागेनासाच होईल.

पण वारा बाजूने येऊ द्या. वारा दर सेकंदाला ८ मीटर वेगाने बाजूने वाहत आहे आणि फळी त्याला काटकोनात तितक्याच वेगाने जात आहे. निवांत हवेतही सायकल चालविताना समोरून वारा लागतो, तसा फळीलाही समोरून ८ मीटरचा वारा लागतो. या दोन वाऱ्यांची बेरीज पायथागोरसच्या सिद्धांताने करा. शिडाला जाणवणारा वारा दर सेकंदाला सुमारे ११.३ मीटर वेगाचा असून तो तिरका, ४५ अंशांच्या कोनातून येतो. याला ‘भासमान वारा’ म्हणू. फळी जितकी वेगात जाते, तितका हा वारा वाढतो.

शीड हा वारा वळविते आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून स्वतः ढकलले जाते. हा जोर थोडा पुढे आणि पुष्कळसा बाजूला असतो. बाजूचा जोर अडविते ते तळाचे पाते, फिन. कलिंगडाची ओली बी दोन बोटांत दाबली, तर सटकन पुढे उडते ना? बोटांचा दाब दोन बाजूंनी आणि बी जाते तिसरीकडे. शीड हे एक बोट, फिन हे दुसरे आणि फळी ही बी! या युक्तीच्या जोरावर फ्रान्सच्या आंत्वान अल्बो यांनी २०१५ साली नामिबियातील ल्यूडरित्स येथे ५०० मीटर अंतरात ताशी ९८ कि.मी.हून अधिक सरासरी वेग गाठला. त्यासाठी खास अरुंद फळी वापरली होती आणि मार्गही सपाट पाण्याचा होता.

या शेवटच्या वाक्याकडे दुर्लक्ष करू नका. वेगाचा आकडा सांगताना परिस्थिती सांगितली नाही, तर तो आकडा अर्धवट असतो.

परिस्थिती बदलली की फळी बदलते

आता कल्पनेनेच एक स्लॅलम फळी आपल्या भागात आणू. परीक्षेसाठी तीन जागा निवडू: शिरूर तालुक्यातील चिंचणीचा घोड धरणाचा जलाशय, दौंडजवळचे भीमेचे पात्र आणि खाली भिगवणजवळ पसरलेला, १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा.

नदीच्या पात्रात काठावरच्या बाभळी आणि उंच दरडी वारा अडवितात. झाडाच्या सावलीसारखी वाऱ्याचीही सावली असते. फळी त्या सावलीत शिरली, की प्लेनिंग सुटून ती एकाएकी जड होते. येथे रुंद फळी आणि मोठे शीड बरे. शिवाय जलपर्णी असेल, तर ती उभ्या फिनला अडकून फळीचा वेग मारते. अशा ठिकाणी मागे झुकलेली फिन लावतात. पाने तिच्यावरून घसरून जातात.

उजनीच्या विस्तीर्ण पाण्यावर गोष्ट निराळी. वारा मोकळ्या पाण्यावरून जितका लांब वाहतो, तितक्या लाटा वाढतात. आषाढातील पश्चिमेचा वारा तेथे वाहू लागला, की आखूड आखूड लाटा उठतात. नदीत लाडकी ठरलेली रुंद फळी येथे लाटांवर आपटते, नाक वर उचलते आणि खेळाडूच्या ताब्यात राहत नाही. अशा वेळी अरुंद फळी, लहान फिन आणि लहान शीड यांचा जय होतो. हिवाळ्यात मात्र ही जागा वर्ज्य. तेव्हा भिगवणला रोहित पक्षी उतरलेले असतात. त्यांना उठवून आपली परीक्षा घेणे बरे नव्हे.

उन्हाळ्याच्या दुपारी तिसरीच अडचण. जमीन तापते, गरम हवा वर जाते, वावटळी उठतात. वारा दोन मिनिटे जोरात आणि लगेच पडलेला. शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वारा सेकंदाला ५ मीटरवरून १० मीटर झाला, तर जोर दुप्पट नव्हे, चौपट!

हवेची घनताही बदलते. आपला भाग समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच आहे. त्यामुळे हवा सुमारे पाच टक्के विरळ. २० अंश सेल्सिअसऐवजी तापमान ४० अंश असेल, तर आणखी सुमारे सहा टक्के विरळ. म्हणजे वैशाखातील दुपारी तोच वारा किनाऱ्यावरील थंड सकाळच्या मानाने एक-दशांशाहून थोडा अधिक जोर कमी देईल. पण वाऱ्याचा वेग पाच-सहा टक्के वाढला, की हा तोटा भरून निघतो. तेव्हा तापमान टिपून ठेवावे हे खरे. मात्र खरी नजर वाऱ्यावर हवी.

दोन वाफ्यांची युक्ती

सोमवारी एक फळी चालविली, मंगळवारी दुसरी चालविली आणि दुसरी वेगवान ठरली. तर दुसरी चांगली का? नाही! कदाचित मंगळवारी वाराच अधिक असेल.

यावरचा उपाय तुमच्या शेतातच आहे. कांद्याचे नवे बियाणे आले, तर जाणता शेतकरी काय करतो? त्याच शेतात शेजारी शेजारी दोन वाफे घेतो. एकात जुने, दुसऱ्यात नवे. माती तीच, पाणी तेच, खत तेच, लागणीचा दिवसही तोच. बदल फक्त बियाण्यात. आता पिकात फरक दिसला, तर तो बियाण्याचा म्हणता येतो.

फळीचेही तसेच. दोन खेळाडू दोन फळ्या घेऊन एकाच वेळी, शेजारी शेजारी, एकाच मार्गाने जातात. शिडे सारखी, फिन सारख्या. पण एक खेळाडू दुसऱ्याहून तरबेज असेल तर? म्हणून पुढच्या फेरीत दोघे फळ्यांची अदलाबदल करतात. अ-फळी दोघांच्याही पायांखाली पुढे राहिली, तर श्रेय फळीचे. जो खेळाडू कोणत्याही फळीवर पुढेच राहतो, त्याचे श्रेय त्याचे!

एवढ्यानेही भागत नाही. समजा, एकाच फळीने तीन धावांत ताशी ४२, ५० आणि ५८ कि.मी. वेग दाखविला. सरासरी ५०. दुसऱ्या फळीची सरासरी ५२ आली, म्हणून ती श्रेष्ठ म्हणता येईल का? पहिल्या फळीच्या स्वतःच्याच धावांत १६ कि.मी.चा चढउतार आहे. त्यापुढे दोनाचा फरक काय सांगणार? धावा वाढवा किंवा ‘फरक ठरविता आला नाही’ असे प्रामाणिकपणे लिहा. शास्त्रात हेही एक उत्तरच आहे.

आज खेळाडूच्या दंडावर बांधलेले उपग्रहाधारित यंत्र क्षणोक्षणीचा वेग टिपते. पण स्लॅलम म्हणजे केवळ सरळ धाव नव्हे. गोळ्याला वळसा घालताना किती वेग टिकला, वाऱ्याचा झोत पडल्यावर प्लेनिंग किती वेळ राहिले, खेळाडू किती वेळा पाण्यात पडला, हेही वहीत यायला हवे. ‘फळी हलकी वाटली’ हा अनुभव अवश्य लिहावा, पण तो मोजमापापासून वेगळ्या रकान्यात.

करून पाहा

मोठी गोष्ट लहान करून तपासणे ही संशोधकांची जुनी रीत आहे. इंग्लंडमध्ये विल्यम फ्राउड यांनी १८७२ च्या सुमारास जहाजांच्या प्रतिकृती पाण्याच्या लांब हौदातून ओढून रोध मोजला. आपल्या जिल्ह्यात खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाला आहे. तिची सुरुवात १९१६ सालची. तेथे धरणे आणि बंदरे यांच्या प्रतिकृतींवर प्रयोग होतात. आपणही वर्गात एक छोटा हौद करू.

विटांची चौकट मांडून तिच्यावर प्लॅस्टिकचे जाड कापड पसरा. हौद दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर खोल पुरे. तळाच्या कापडावर दर दहा सेंटिमीटरवर आडव्या-उभ्या रेघा मारून ठेवा. थर्मोकोलची २० सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद फळी कापा. मध्यभागी बांबूची काडी खोचून जाड कागदाचे बुटके शीड फळीशी ४५ अंशांच्या कोनात लावा. शिडाच्या खालीच, तळाला, प्लॅस्टिकच्या पट्टीचे उभे पाते खोचा. टेबलावरचा पंखा हौदापासून दोन मीटर दूर, कोरड्या जागी ठेवा आणि वारा फळीच्या बाजूवर येऊ द्या. पंख्याचे बटण शिक्षकांनी किंवा घरातील मोठ्यांनीच, कोरड्या हाताने दाबावे.

आधी पाते न लावता फळी सोडा. पाच सेकंदांत ती किती पुढे गेली आणि किती बाजूला वाहवली, ते रेघांवरून टिपा. मग तीन सेंटिमीटर खोलीचे पाते लावून पाहा, मग सहाचे. प्रत्येक प्रयोग पाच वेळा करा आणि सरासरी काढा. नंतर पंख्याचा वेग बदलून सगळे पुन्हा करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मोडू नका.

एक सूचना कळकळीची आहे. हा प्रयोग वर्गातील उथळ हौदातच करा. नदीच्या पात्रात वाळू उपशाने पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत आणि शेततळ्याच्या प्लॅस्टिकच्या उतारावर पट्टीच्या पोहणाऱ्याचाही पाय ठरत नाही. खेळ शिकायचाच असेल, तर तो प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, जीवरक्षक जाकीट घालूनच शिकावा. त्यासाठी समुद्रच हवा असेही नाही. हांगचौ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताला विंडसर्फिंगचे कांस्यपदक मिळवून देणारे ईबाद अली हे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या मध्य प्रदेशचे खेळाडू आहेत.

तर आता सांगा, ‘ही फळी उत्तम आहे’ असे कोणी म्हणाले, तर तुम्ही काय विचाराल? ‘कोणत्या वाऱ्यात? कोणत्या पाण्यात? किती वजनाच्या माणसाला? कशाच्या तुलनेत? आणि किती वेळा पाहिले?’ हे पाच प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी कोणी नव्या खताची किंवा नव्या औषधाची वाहवा करू लागला, की त्यालाही हेच पाच प्रश्न विचारा.